लाटेचा धनी कोण?

गेल्या हिवाळ्यात चार दिवस सुरतेला जाऊन आलो. माझी मावसबहीण तिथे अडाजण भागात राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, मूळचे सारंगखेड्याचे. दत्तजयंतीला जिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो ते तापीकाठचे सारंगखेडे. तीसेक वर्षांपूर्वी यंत्रमागाचे सुटे भाग विकायला सुरतेत आले आणि तिथलेच झाले. "मी कुठे गाव सोडले? नदीबरोबर खाली आलो इतकेच," असे ते नेहमी म्हणतात. मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावून, खानदेश ओलांडून, उकाईच्या धरणात अडून ही नदी सुरतेला येते. उधना, लिंबायत, डिंडोलीकडे राहणारी हजारो खानदेशी कुटुंबेही तिच्याच वाटेने आली. त्यामुळे भावोजींच्या बोलण्यात नुसता विनोद नाही.

तर त्या मुक्कामात एका संध्याकाळी भावोजींचे एक व्यापारी मित्र घरी आले. कापडातले मोठे आसामी, डुमसच्या रस्त्याला फार्महाऊस. मी गोव्याचा आहे हे कळताच त्यांचा चेहरा उजळला. "गोवाना छो? तो तमने बोटमां खबर पडे!" गोव्याचा माणूस म्हटला की त्याला फेणीतले, मासळीतले आणि बोटीतले कळायलाच हवे असा सार्वत्रिक समज आहे, त्याला मी तरी काय करणार? शेटनी मोबाइल काढून मला एका बोटीचे चित्रफितीमागून चित्रफीत दाखवले. त्यांना वेकसर्फिंगची बोट घ्यायची आहे. अमेरिकेतल्या भाच्याकडे त्यांनी ती पाहिली, तिच्यामागे फळीवर उभे राहून पाहिले, आणि वेडच लागले. सांगितलेला आकडा कोटीच्या पुढचा होता. बेत असा, की बोट फार्महाऊसवर ट्रेलरवर ठेवायची, शनिवार-रविवार गाडीला जोडून उकाईला न्यायची, कधी जमले तर शहरातच तापीत उतरवायची, आणि नाताळात ओढत ओढत थेट गोव्याला आणायची! "मांडवीमां चलावीशुं, मजा आवी जाशे."

मी त्यांना तेव्हा हसून काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. पाहुण्याच्या घरी आलेल्या पाहुण्याशी भांडायचे नसते. पण परतीच्या गाडीत रात्रभर मनात भांडत आलो, ते आता इथे लिहितो आहे. भांडण शेटशी नाही. तसा माणूस दिलदार आहे, आणि आपल्या पैशाने आपली हौस करायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. भांडण आहे ते "बोट माझी म्हणजे पाणीही माझेच" या समजुतीशी. आणि ही समजूत सुरतेची मक्तेदारी नव्हे. आमच्या गोव्यात ती चांगली मुरली आहे.

आधी ही बोट म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ते ठाऊक नव्हते, वाचून घ्यावे लागले. साधारण बावीस-चोवीस फुटांची, आतल्या इंजिनाची बोट. तिचा पंखा पिछाडीच्या बाहेर नसतो, तळाखाली पुढे सरकवलेला असतो. कारण फळीवरचा माणूस बोटीच्या अगदी मागे, दोन-तीन मीटरवर असतो. सुरुवातीला तो दोरी धरून उठतो, मग दोरी बोटीत फेकून देतो आणि बोटीने उठवलेल्या लाटेवर नुसता घसरत राहतो. वेग फार नाही, ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटर. आमच्याकडची पोरे स्कूटर याहून जोरात हाणतात. खरी गंमत वेगात नसून लाटेत आहे. कोणतीही बोट थोडीबहुत लाट उठवतेच, पण चांगला नावाडी ती कमी कशी होईल ते पाहतो. इथे उलटे. लाट जितकी मोठी तितकी बोट चांगली. आणि ती मोठी करण्यासाठी बोटीच्या तळात टाक्या असतात, वर पाण्याच्या पिशव्याही ठेवतात. बटण दाबले की पंप सुरू होतो आणि ज्या पाण्यात बोट उभी आहे तेच पाणी आत भरले जाते. हजार लिटर, दोन हजार लिटर, काही बोटींत त्याहूनही जास्त. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन. सत्तर किलोचा एक धरला तर अठ्ठावीस माणसांचे वजन. एवढे वजन मुद्दाम मागे आणि एका अंगाला जास्त घालायचे, पिछाडी पाण्यात दाबायची, नाक वर करायचे, आणि त्या अर्धवट बुडलेल्या अवस्थेत बोट रेटत न्यायची. पाणी फाटून मागे डोंगर उभा राहतो. त्या डोंगरावर शेट!

या टाक्यांतल्या वजनाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याला आपल्या भाषेत एक जुना, अस्सल शब्द आहे. नीरम. आजच्या मराठी वाचकाला तो शब्दकोशातच भेटेल, पण गलबतांच्या काळात तो किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होता. माल उतरवून रिकामे झालेले गलबत हलके होते, शिडात वारा भरला की कलंडू पाहते. म्हणून तळात दगड, वाळू असे काहीतरी जड भरायचे. ते नीरम. तोल राखण्यासाठी भरलेले वजन, एवढाच त्याचा अर्थ. आता तोच शब्द घेऊन या नव्या बोटीकडे पाहा. इथे नीरम भरतात ते तोल राखायला नव्हे, तोल बिघडवायला. बोट नीट चालू नये म्हणून! माझा या खेळावरचा पहिला आक्षेप वाटल्यास भाषेचा समजा. जे साधन सावरण्यासाठी होते ते ढवळण्यासाठी वापरायचे, आणि त्याचा परिणाम बोटीतल्या माणसाने नव्हे तर काठावरच्या माणसाने सोसायचा, हा प्रकार मला खटकतो.

सुरतेत बसून नीरमाबद्दल बोलावे यात एक औचित्य आहे. आपल्या मराठी मनात सुरत म्हणजे 1664 आणि 1670, संपले. शाळेच्या पुस्तकातून आपण सुरतेत शिरतो, महाराजांबरोबर बाहेर पडतो, आणि ते शहर मुळात कशाच्या जोरावर एवढे श्रीमंत होते हा प्रश्न विचारायला थांबतच नाही. ते पाण्याच्या जोरावर श्रीमंत होते. आणि ते पाणीही अवघडच. तापीचे मुख गाळाने भरलेले. मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत, ती सुवाळीच्या खाडीत नांगर टाकत, आणि माल लहान होड्यांतून किंवा गाड्यांतून शहरात जाई. या अवघड पाण्याने तिथे जाणकार माणसे घडवली. 1736 साली मुंबईला गोदीच्या कामासाठी नेलेले लवजी नसरवानजी वाडिया सुरतेचेच. त्यांच्या घराण्याने पुढे इंग्रजी आरमारासाठी जहाजे बांधली, आणि त्यातले 1817 सालचे 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात तरंगते आहे.

आणि आमचा गोवा या गोष्टीत कुठे? खलनायकाच्या जागी. पोर्तुगीजांनी 1530 मध्ये सुरत जाळली. पुढे गोव्यातून त्यांनी समुद्रावर परवाने विकले, 'कार्ताझ' म्हणत त्याला. तो कागद नसेल तर तुमचे जहाज जप्त. 1613 मध्ये तर मुघल बादशहा जहांगीरच्या आईचे 'रहीमी' हे जहाज, परवाना असतानाही, सुरतेजवळ पकडून गोव्याला आणले. म्हणजे एके काळी गोव्यातून अख्ख्या समुद्राची मालकी सांगितली जात होती. ती मालकी खोटी आणि जुलमी होती यात वाद नाही. पण आज आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो आहोत. आपल्या दारातल्या नदीत कोण काय चालवतो याबद्दल बोलायचीही आम्हाला लाज वाटते. कोणी विचारले तर 'पर्यटन' हा एक मंत्र पुटपुटायचा आणि गप्प बसायचे. असो.

आता मूळ मुद्दा. बोटीचा मालक कोण हे कागदावर लिहिलेले असते. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नोंदणीही सांगितली आहे. ट्रेलरचा मालकही कागदावर असतो, कारण मोटार वाहन कायद्याच्या लेखी ट्रेलर हेही वाहनच. पण लाटेचा मालक कोण? बोट पुढे निघून जाते, शेट पुढे निघून जातात, लाट मागे राहते आणि काठाकडे चालू लागते. तिचा कागद कुठे आहे?

"पाण्यावरची लाट ती काय, विरून जाते," असे शेट म्हणाले होते. विरते, पण किती अंतरावर? लाटेतली शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची दुप्पट झाली की शक्ती चौपट. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने 2022 मध्ये तळ्यावर प्रत्यक्ष मोजमाप करून सांगितले, की नेहमीच्या सहलीच्या बोटीची लाट दोनशे फुटांवर जेवढी उरते, तेवढी खाली यायला वेकसर्फिंगच्या लाटेला पाचशे फुटांहून जास्त अंतर लागते. पाचशे फूट म्हणजे दीडशे मीटर. ते एका बाजूचे. दोन्ही काठांचे मिळून तीनशे मीटर, आणि मध्ये बोटीला फिरायला जागा वेगळी. आता आमच्या कुंभारजुव्याच्या कालव्याच्या अरुंद भागात हे माप लावून पाहा. काठापासून दीडशे मीटर सोडायचे म्हटले तर बोट पलीकडच्या शेतात जाईल!

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण आमच्या नद्यांच्या काठावर खाजन आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून सोडवलेली. आत भात, मिठागर, मासळी. बाहेर खारे पाणी. मध्ये चिखलामातीचा बांध आणि त्यात मानस, म्हणजे भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारे लाकडी दार. शेकडो वर्षे गावकऱ्यांनी हे बांध राखले. पौषात काही गावांत शेताच्या कडेला चिखलाची मगर करून तिची पूजा होते, मांगे थापणी म्हणतात तिला. शहरी पाहुण्याला ती गमतीची लोककला वाटते. पण ज्याच्या भाताला आणि खाऱ्या पाण्याला वेगळे ठेवणारा बांध हातभर रुंदीचा आहे, त्याने मगरीला "बांध सांभाळ गे बाये" म्हणणे यात गंमत कसली? तो त्याचा विमा आहे. बांधाला एक भगदाड पडले की एका भरतीत शेत खारे होते, आणि ते पुन्हा गोडे व्हायला पुढचे पावसाळे खर्ची पडतात. खनिजाच्या बार्जी ऐन भरात होत्या तेव्हा त्यांच्या लाटांनी बांध पोखरले, ही तक्रार नदीकाठच्या गावांतून किती वर्षे ऐकली! 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा तरी बांधांना थोडी उसंत मिळाली.

इथे मला कोणी अडवील. "बार्जने एवढे केले, कॅसिनोची जहाजे पणजीसमोर मांडवीत ठाण मांडून बसली आहेत, 2016 च्या कायद्याने मांडवी, झुवारी, शापोरा, साळ, म्हापशाची नदी आणि कुंभारजुव्याचा कालवा हे सगळे राष्ट्रीय जलमार्ग झाले, तिथे एका हौशी माणसाच्या बोटीवर तुम्ही का घसरलात?" प्रश्न रास्त आहे. बार्जचे नुकसान मोठेच होते, आणि बांध पडायला निष्काळजी भाटकार, पडीक शेती, मोडलेल्या मानशी हीही कारणे आहेत. एकट्या शेटच्या बोटीने खाजन बुडणार नाही. पण एक फरक आहे. बार्जची लाट ही तिच्या कामाची नको असलेली शेपटी होती. हळू चालवा म्हटले की ती कमी होत असे, आणि हळू चालवून मालकाचे काम अडत नसे. इथे लाट हेच काम आहे. ताशी सोळा किलोमीटर हा वेग कोणत्याही फलकावरच्या मर्यादेत बसेल. पोलीस बोट अडवून म्हणणार काय? "तुम्ही हळू चालला आहात"? आपले सगळे नियम वेगाभोवती आणि अश्वशक्तीभोवती रचलेले आहेत. ही बोट त्या नियमांच्या खालून निघून जाते. म्हणूनच ती येण्याआधी बोलायला हवे. कॅसिनोच्या बाबतीत आपण आल्यावर बोललो, त्याचे फळ रोज डोळ्यांसमोर लुकलुकते आहे.

सुरतेचा प्रश्न वेगळा, पण हलका नाही. शहरात रांदेर-सिंगणपूर इथे 1995 मध्ये बांधलेला बंधारा आहे. त्याने भरतीचे खारे पाणी खाली अडते आणि वर गोड्या पाण्याचा साठा राहतो. त्या साठ्यातूनच सुरत पाणी पिते. शेटना "शहरातच उतरवू" म्हणताना जे संथ, आरशासारखे पाणी डोळ्यांसमोर दिसत होते, ते या साठ्याचे. म्हणजे ज्या पाण्यात नीरम भरून पंख्याने तळ ढवळायचा, तेच पाणी दुसऱ्या दिवशी नळाने शेटच्या स्वयंपाकघरात येणार, आणि लिंबायतच्या चाळीतही येणार. शेटकडे पाणी गाळायचे यंत्र आहे. चाळीत फडके आहे.

दरवर्षी आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेचे लोक तापीचा जन्मदिवस साजरा करतात, नदीला या काठापासून त्या काठापर्यंत चुनरी नेसवतात. मी ते पाहिले नाही, भावोजींकडून ऐकले. आणि त्याच भावोजींनी 2006 च्या ऑगस्टची गोष्ट सांगितली, उकाईतून पाणी सोडले आणि शहराचा मोठा भाग बुडाला तेव्हाची. दुकानातल्या मालावर पाणी चढताना ते माळ्यावर बसून पाहत होते. "नदी आई आहे हे आम्हाला माहीत आहे, आणि आई मारते हेही," असे ते म्हणाले. अशा माणसाला तापी ही खेळायची जागा आहे हे पटवणे अवघड आहे. मला वाटते, ते अवघडच राहावे.

आता ओढून नेण्याविषयी. बोटीचे रिकामे वजन अडीच टनांच्या आसपास, वर ट्रेलर, म्हणजे तीन टनांहून जास्त ओझे गाडीमागे बांधून सुरतेहून पणजीपर्यंत आठशेहून अधिक किलोमीटर यायचे. घाट, वळणे, ब्रेक हा शेटच्या ड्रायव्हरचा प्रश्न, तो त्याला लखलाभ. माझी काळजी वेगळी आहे. टाक्या रिकाम्या केल्या असे आपण म्हणतो, पण पंप थांबला तरी तळाशी, नळ्यांत, पिशव्यांच्या घड्यांत पाणी उरतेच. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी पिल्ले असतात, बिया असतात, शेवाळ असते. ट्रेलरच्या दांड्याला अडकलेला जलपर्णीचा एक तुकडा पुरे. सुरतेची महापालिका तापीतली जलपर्णी काढता काढता दमली आहे, आणि आमच्या गोव्यातली तळीही या वेलींनी गुदमरतात. ती पसरवायला आणखी चार चाकांची मदत कशाला?

ही भीती घरबसल्या रचलेली नाही. परदेशी जहाजांच्या तळाला चिकटून किंवा त्यांच्या नीरमाच्या पाण्यातून परके जीव बंदरात उतरतात हे जगाने फार उशिरा ओळखले. काळ्या पट्ट्यांचा एक परका शिंपला साठच्या दशकात विशाखापट्टणमला सापडला, पुढे मुंबईलाही, आणि तो आता इथलाच झाला आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतली माणसे जहाजांच्या या पाण्यावर वर्षानुवर्षे काम करीत आली आहेत. म्हणजे या विषयातले देशातले मोठे ज्ञान आमच्या पणजीपासून हाकेच्या अंतरावर आहे! नीरमाच्या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 2004 मध्ये झाला आणि 2017 मध्ये अमलात आला. तो समुद्रावर चालणाऱ्या जहाजांसाठी. गाडीमागे बांधून रस्त्याने येणाऱ्या नीरमाच्या टाकीला कोणता करार विचारणार?

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने 2024 मध्ये याचे उत्तर दिले. मला ते फार आवडले, कारण त्यात बंदीचा आवेश नाही, साधे मोजमाप आहे. वेकसर्फिंग करायचे तर काठापासून निदान पाचशे फूट दूर, निदान वीस फूट खोल पाण्यात, आणि सलग पन्नास एकर तरी अशी जागा असेल त्याच तळ्यात. शिवाय प्रत्येक बोटीने आपले एक 'घरचे तळे' जाहीर करायचे. ते सोडून दुसरीकडे जायचे तर आधी बोट निर्जंतुक करून घ्यायची. पाहा, तिथे शेटची हौस कोणी हिरावून घेतली नाही. एवढेच सांगितले, की लाट तुझी आहे तर तिची जागा तू शोध, आणि पाणी तुझ्या टाकीत आहे तर ते कुठले आहे ते तू सांग.

आपल्याकडे असे काही म्हटले की दोन उत्तरे तयार असतात. पहिले, "हे श्रीमंतांविषयीचे जळणे आहे." असेल बुवा थोडे. कोटीची बोट पाहून कोणाला काही वाटत नाही? पण उद्या ही बोट भाड्याने फिरू लागली, तासाला अमुक रुपये देऊन कोणीही फळीवर उभा राहू लागला, तरी माझा बांध तेवढाच खचणार आहे. प्रश्न खिशाचा नाहीच. दुसरे उत्तर, "पोरांना रोजगार मिळतो." मिळेल, आणि मिळावा. आमचे रापणकार आणि खारवी यांची मुले जलक्रीडेच्या बोटींवर काम करतात, मला त्यांचे कौतुक आहे. पण त्याच मुलाचा बाप त्याच नदीत दोन हातांच्या होडीत बसून जाळे टाकतो. मोठी लाट आडवी आली की होडी उलटायला वेळ लागत नाही. मुलाचा पगार बापाच्या होडीवरून जाणार असेल तर हिशेब नीट मांडायला हवा, एवढेच म्हणणे.

तिसरी एक गोष्ट आहे, ती बोलताना जीव जड होतो. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तळ्यात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, बहुतेकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. सुरतेहून वडोदरा दोन-तीन तासांच्या वाटेवर. ज्या देशात बोटीत किती वजन चालते हा साधा प्रश्न विचारायला कोणी काठावर उभे नसते, त्या देशात आपण अशी बोट आणू पाहतो जिची सगळी करामतच जास्तीचे वजन भरण्यात आहे. बोट बांधणाऱ्याने टाक्यांचा हिशेब केलेला असतो, हे मान्य. पण टाक्या भरून झाल्यावर शेटचे मित्र, मित्रांची मुले, "भाई, हजू बे जण बेसी जाओ" म्हणत चढतील तेव्हा पाणी किती आणि माणसे किती याची बेरीज कोण करणार? गलबतावर ती बेरीज तांडेल करत असे, आणि त्याच्या शब्दापुढे मालकाचेही चालत नसे. इथे मालक, तांडेल आणि पाहुणा तिन्ही एकच.

मग मला हवे काय? बंदी नको. मला हवी आहे ती चार ओळींची नियमावली, बोट यायच्या आधी. पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात आणि खाजनाच्या काठाने नीरमाच्या बोटी नकोत. इतरत्र काठापासून दीडशे मीटर आणि सहा मीटर खोली. परवाना लाटेच्या उंचीवर द्या, इंजिनाच्या ताकदीवर नव्हे. आणि प्रत्येक बोटीचे एकच घरचे पाणी, दुसरीकडे जायचे तर टाक्या धुऊन, वाळवून, दाखवून. उकाईसारख्या विस्तीर्ण जलाशयात अशी जागा सापडेलही, तिथल्या आदिवासी मच्छीमारांना विचारून. मांडवीच्या मुखाशी, जिथे नदी समुद्रच होते, तिथेही कदाचित सापडेल. कालव्यात आणि खाडीत मात्र नाही.

गोव्यात परतल्यावर मी भावोजींना फोन करून हे सगळे सांगितले आणि शेटना कळवायला सांगितले. आठवड्याने त्यांचा फोन आला. शेटनी शांतपणे ऐकून घेतले म्हणे. मग विचारले, "ते गोव्याचे साहेब म्हणतात ते बरोबर असेल, पण असा नियम आहे का कुठे आपल्याकडे?" भावोजी म्हणाले, नाही. "तो पछी?" असे म्हणून शेट हसले. बोट मात्र अजून घेतलेली नाही, भाव चालू आहे.

त्या "तो पछी?"ला माझ्याकडे उत्तर नाही. ते ज्यांच्याकडे असायला हवे ते पणजीत आणि गांधीनगरात बसतात. येत्या पौषात आमच्याकडे पुन्हा कोणी शेताच्या कडेला बसून चिखलाची मगर थापील आणि बांध सांभाळ म्हणेल. तोवर निदान एक सरकारी कागद तिच्या सोबतीला असावा, अशी माझी इच्छा आहे.